गटक्याचा कान

बार्शीटाकळीच्या मैनाबाईनं आयुष्यात अकरा कान दाखवले आणि त्यातला एकही खोटा नव्हता. बारावा दाखवला त्याची ही गोष्ट. ही अकराची गोष्ट आधी नीट ध्यानात घ्या, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला म्हातारचळ वाटेल. तसं तिला म्हातारीही म्हणू नका. त्या साली ती बावन्नची होती आणि पळत्या बकरीचा मागचा पाय धरून तिला जागच्या जागी उभी करायची.

कान म्हणजे बकरीचा कान. आमच्याकडं बकरी बटईनं देतात. ज्याच्यापाशी चारा नाही, किंवा जो सुरतेला नाहीतर पुण्याला कामाला निघाला, तो आपली बकरी मैनाबाईसारखीच्या हवाली करतो. तिनं चारायची, पाणी पाजायचं, दुखलंखुपलं पाहायचं. पिल्लं झाली की अर्धी मालकाची, अर्धी पाळणारीची. ना कागद, ना अंगठा. आणि बकरी मेली तर? तर पाळणारीनं तिचा कान कापून ठेवायचा आणि मालक आला की त्याच्या तळहातावर ठेवायचा. मालक आपल्या बकरीचा कान बरोबर ओळखतो. कुणाचा चिरलेला, कुणाचा ठिपक्याचा. कान दाखवला की वाद मिटला. नाही दाखवला तर समजून जायचं, बकरी विकून खाल्ली.

गंगूबाईची बकरी साप चावून मेली तेव्हा गंगूबाई लेकीकडं पुण्याला होती. मैनाबाईनं चार महिने तो कान मिठात घालून बरणीत ठेवला. घरात वास सुटला. भाऊ खुशालराव नाक दाबून ओरडला, "मैने, फेक वो थे! घर हाये का खाटकाचं दुकान?"

"थो कान माहा नाई," मैनाबाई म्हणाली. "गंगूबाईचा हाये. माहा असता त फेकला असता."

अशी बाई. तोंडानं फटकळ, पण व्यवहाराला सोन्यासारखी. नवऱ्यानं विसाव्या वर्षी टाकलं, माहेरी आली, बापानं एक बकरी दिली, त्या एकीच्या तिनं बावीस केल्या. पुढं खुशालरावाची बायको बाळंतपणानंतरच्या दुखण्यात गेली. पोरगा बंडू दोन वर्षांचा. तेराव्याचे पाहुणे गेल्यावर खुशालरावानं ते रडतं पोर आणून बहिणीच्या मांडीवर टाकलं.

"मैने, हे पोट्टं तुले बटईनं देल्लं," तो म्हणाला. "वाढव त्याले. अर्धं माहं, अर्धं तुहं."

दुःखातल्या माणसानं काहीतरी बोलून वेळ मारून नेली एवढंच ते होतं. पण मैनाबाईच्या लेखी बटई ही काही गंमत नव्हती. तिनं त्या पोराला बकरीच्या दुधावर वाढवलं, गोवरात सात दिवस मांडीवरून खाली ठेवलं नाही, शाळा बुडवली म्हणून शेवग्याच्या फोकानं झोडलं आणि झोडून झाल्यावर स्वतःच रडत बसली. बंडू तिला आत्या म्हणायचा, पण झोपेत हाक मारायचा ती 'माय' म्हणून. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आपल्यापाशी ठेवलं.

आता फोनाचं. बोंडअळीनं पऱ्हाटी बसवली त्याच्या पुढच्या सालातली ही गोष्ट. लोकांनी उभ्या कापसात ढोरं घातली होती. मैनाबाईच्या बकऱ्यांनी त्या हंगामात कापसाची पानं खाऊन ढेकर दिले. गावातली अर्धी तरणी पोरं बाहेर गेली, आणि जाताना आपल्या बकऱ्या मैनाबाईच्या दारात बांधून गेली. बंडू तेव्हा तेवीसचा, अकोल्यात जठारपेठेत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. वावरात राम नाही, आणि वावरवाल्याच्या पोराला पोरगी द्यायला कुणी तयार नाही. दोन ठिकाणी तर मुलीच्या बापानं चहासुद्धा विचारला नाही. बंडू त्यानं आतून कडू झाला होता, हे मैनाबाईला दिसत होतं.

त्यानं नवा फोन घेतला आणि जुना आत्याला दिला. "बकऱ्या चारताना कटाळा येते न तुले? हे खेळ," म्हणून त्यात एक गेम टाकून दिला.

गेम असा. जगात नसलेली जनावरं पाळायची, त्यांना खाऊ घालायचं, आणि दुसऱ्याच्या जनावराशी झुंजवायचं. कुणी आग ओकणारा वाघ, कुणी विजेचा साप, कुणी दगडाचा बैल. भाषा हिंदी ठेवता यायची, आणि मैनाबाई चौथी शिकलेली. अक्षरं तीच असल्यामुळं तिचं भागलं. नाव लिहायच्या जागी बंडूनं टवाळी म्हणून 'मैना बकरीवाली' असं लिहून दिलं.

"पह्यलं जनावर फुकट भेटते, आत्या. वाघ घे."

मैनाबाईनं सगळी जनावरं बोटानं सरकवत सरकवत पाहिली आणि शेवटल्यावर थांबली. निळं पाखरू, लांब चोच, गळ्याखाली झोळी, आणि ती चोच सदानकदा उघडी.

"हा त पानकावळा हाये," ती म्हणाली. महानच्या धरणावर तिनं ते पुष्कळ पाहिले होते, बुडी मारून मासा गिळणारे.

"थे समुद्रातलं पाखरू हाये, आत्या. भुक्कड. कोनी घेत नाई त्याले."

"असन समुद्रातलं. भूक लागली त्याले, पाह्य न कसा आ करून राहिला." आणि घेतलं तिनं तेच. नाव ठेवलं गटक्या.

कोणी का घेत नव्हतं हे तिला दोन दिवसांत कळलं. हावरटपणाची हद्द होती ती! उपाशी ठेवलं तर झुंजीत शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच सोबत्याला गिळायचं. पोटभर घातलं तर झुंज सुरू होताच मान टाकून झोपायचं. एकदा तर मैदानातला दगडच गिळून बसलं आणि तीन दिवस पोट वर करून पडलं. मैनाबाई बाभळीखाली बसून इतकी हसली की बकऱ्या चरायच्या थांबून तिच्याकडं पाहायला लागल्या.

पण बकऱ्या पाळणाऱ्या बाईला पोट कळतं. पावसाळ्यात कोवळं हिरवं उपाशी पोटी खाल्लं की बकरी फुगते आणि पाय झाडून मरते. म्हणून चरायला सोडण्याआधी तिला मूठभर कोरडं कुटार द्यायचं असतं. मग हिरवं अंगी लागतं. तिनं गटक्याला तसंच केलं. आधी सुकट, मग ओला मासा. आणि काय गंमत! पोटाला सुक्याचा आधार असला की गटक्या ओला मासा गिळायचाच नाही, गळ्याच्या झोळीत धरून ठेवायचा. समोरच्यानं वार केला रे केला की तो मासा त्याच्या तोंडावर असा थुंकायचा की वाघ काय अन् बैल काय, आडवाच. गेम खेळणाऱ्या शहाण्यांना जे सुचलं नाही ते या बाईला कुटाराच्या पाटीपाशी सुचलं.

एका रविवारी बंडू घरी आला. त्याच्या आगवाल्या वाघाला गटक्यानं लागोपाठ तीनदा लोळवलं. चौथ्यांदा बंडू खेळलाच नाही. फोन हातात घेऊन नुसता बसला.

"काय केलं तू याले?"

"काई नाई. आधी सुकं, मंग ओलं. तू लहान होता तवा तुलेई तसंच चारत होती मी. आधी भाकर, मंग गूळ."

बंडू हसला, पण डोळ्यांनी नाही. त्या दिवसानंतर तो दर रविवारी यायला लागला. मैनाबाई हरखून गेली. तिला वाटलं, पोराला आपली ओढ लागली. मटनाचा रस्सा व्हायचा, ज्वारीच्या भाकरी व्हायच्या, आणि दोघं ओट्यावर डोक्याला डोकं लावून गटक्याला खेळवायचे. सात-आठ रविवार असे गेले. तिच्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते, असं मी म्हटलं तर कुणी भांडायला येऊ नये.

पोळ्याच्या दिवशी बंडूनं विषय काढला. अमरावतीत या गेमच्या झुंजी होणार होत्या. जिंकेल त्याला पुण्याच्या एका टीममध्ये घेणार, तिथं राहायचं, खेळायचं, लोक ओळखतील.

"आत्या, गटक्या दे मले. जिंकलो त जलमाचं कल्याण होईन. तुले सांगतो, दिवाळीले वापस आनून देतो."

"दे म्हंजे कसा? इकत पाह्यजे का?"

"नाई वो. बटईनं दे."

हा शब्द त्यानं नेमका कुठून काढला ते तोच जाणे. आत्याच्या कोणत्या कडीला हात घातला की दार उघडतं, हे त्याला दोन वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं. मैनाबाई पदर सावरून बसली आणि जसं तिला आजवर शेकडो मालकांनी बजावलं होतं, तसं तिनं त्याला बजावलं. नाव बदलायचं नाही. आधी सुकं, मग ओलं. दुसऱ्याच्या हवाली करायचं नाही. नाव होईल ते अर्धं तिचं, अर्धं त्याचं. जिंकलास तर चार लोकांत सांगायचं, माझ्या आत्यानं वाढवलेलं पाखरू आहे.

"आन मेला त कान दाखवायचा."

"मोबाईलमधल्या पाखराचा कान?" बंडू खो खो हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुही शप्पथ, आत्या."

दोन फोन जवळ धरले, तिनं आपल्या बोटानं बटण दाबलं, आणि गटक्या उडून बंडूच्या फोनात गेला. इथं मैनाबाईची चूक झाली, आणि ती चूक तिच्यासारखीच करू जाणे. बटईत जनावर दुसऱ्याच्या गोठ्यात बांधलं म्हणून मालकी हलत नाही; गाव बघत असतं. गेमात ज्याच्या फोनात पाखरू त्याचा त्यावर हक्क, बघायला गाव नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला माहीत होतं तो समोर बसून पुरणपोळी खात होता.

दिवाळीला बंडू आला तो मान खाली घालून. चहासुद्धा घेतला नाही. खिशातून एक फोन काढला, काच फुटून काळाठिक्कर पडलेला.

"आत्या, गटक्या गेला. फोन पान्यात पडला. सगळं पुसल्या गेलं."

मैनाबाईनं हात पुढं केला. "दे इकडं." बंडूनं तो मेलेला फोन तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला. कोपऱ्यावरचा टवका तिनं ओळखला, हाच फोन तिनं पोळ्याला पाहिला होता. कान बरोबर होता. कान दिला म्हणजे वाद मिटला.

"जाऊ दे, बापा," तीच उलटं त्याला म्हणाली. "जनावर हाये, मरतेच. तू जेव आधी." त्या रात्री तिला स्वतःला घास गेला नाही, पण पोराला तिनं आग्रह करकरून करंज्या वाढल्या. फोन फडक्यात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवला. खुशालराव म्हणाला, "मैने, यडी झाली का? गेमातल्या पाखराचं सुतक धरते का कोनी?" ती म्हणाली, "तू गप बस," आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

नंतर बंडूचे रविवार थांबले. कधी दुकानात गर्दी, कधी गाडी नाही. मैनाबाईनं समजून घेतलं. पोराला तोंड दाखवायची लाज वाटत असेल, आपल्या हातून आत्याचं जनावर गेलं म्हणून. बघा, एखाद्यावर जीव असला की माणूस त्याच्या वतीनं किती खोटं बोलतो स्वतःशीच!

संक्रांत होऊन गेली. एक दिवस शेजारच्या हलीमाबीची पोरगी यास्मीन हिचा फोन आला. यास्मीन अमरावतीला नर्सिंग शिकत होती, आणि सुट्टीत आली की मैनाबाईच्या बाजेवर बसून गटक्याची झुंज पाहायची.

"मौसी, गटक्या मेला नाई. खुदा कसम. आमच्या होस्टेलात पोरी झुंजी पाहून राहिल्या फोनवर. मी आत्ता पाह्यला त्याले."

"दुसरा असन वो, यास्मीन. तसे लय पाखरं असतीन."

"नाव तूफान करून टाकलं त्याचं. पन खाली लिवलेलं हाये न, पहला पालक: मैना बकरीवाली. थे नाव नाई पुसता येत, मौसी. जनावर कोनाच्याही घरी जाऊ द्या, पह्यल्या पालकाचं नाव राह्यतेच. आइतवारी फायनल हाये."

मैनाबाईला पटलं नाही. "मले कान देल्ला त्यानं," एवढंच ती म्हणत राहिली. बंडूला कुणीतरी फसवलं असेल, मेलेला म्हणून त्याच्याकडून काढून घेतला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. तिनं बंडूला फोन लावला.

"कुठी हायेस, बापा?"

"दुकानात हावो आत्या, बम गर्दी हाये. मंग करतो." मागं कुणीतरी भोंग्यातून 'अमरावतीकर' असं ओरडत होतं.

फोन बंद झाला तरी मैनाबाईनं तो कानालाच धरून ठेवला होता. हलीमाबीनं येऊन हात खाली घेतला.

रविवारी पहाटे तिनं बकऱ्या हलीमाबीवर सोपवल्या, फडक्यातला फोन पिशवीत टाकला आणि एसटी धरली. अकोल्यात गाडी बदलली. मूर्तिजापूरच्या पुढं दोन्हीकडं तुरीच्या धसकटांची वावरं लागली, ती तिनं पाहिलीही नाहीत. तिचं म्हणणं एकच होतं आणि ते ती मनात घोटत होती: बंडूच्या तोंडून ऐकायचं. तो म्हणाला, आत्या माझ्या हातून चुकलं, तर विषय संपला. गटक्या पाहिजे तर त्यानंच ठेवावा. पण खरं त्यानं सांगावं.

झुंजी एका मंगल कार्यालयात होत्या. जिथं नवरानवरीच्या खुर्च्या ठेवतात तिथं दोन पोरं फोन घेऊन बसलेली आणि मागं भिंतीएवढा पडदा. यास्मीन दारात उभीच होती. तिनं मौसीला मागच्या रांगेत बसवलं. मैनाबाईनं पडद्याकडं पाहिलं. गटक्या! केवढा झाला होता, एका माणसाएवढा, झोळीत मासा धरून, चोच उघडी टाकून. आणि खुर्चीत बंडू. नवं जाकीट, डोक्याला काहीतरी चोपडलेलं. तिला आधी अभिमानच वाटला. खोटं कशाला सांगू, क्षणभर ती सगळं विसरली आणि गटक्यानं समोरच्या विजेच्या सापाच्या तोंडावर मासा थुंकला तेव्हा ती मागून मोठ्यानं ओरडली, "हान त्याले!" आजूबाजूची पोरं हसली.

गटक्या जिंकला. टाळ्या पडल्या. भोंगा धरलेला सूत्रसंचालक बंडूच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "मित्रांनो, ज्या पक्ष्याला जगात कोणी विचारत नव्हतं, त्याला या गड्यानं राजा केलं! आधी सुकं, मग ओलं! हे तंत्र कुणाचं?"

"माहंच," बंडू म्हणाला. "स्वतः शोधलं."

मैनाबाईनं यास्मीनचा हात घट्ट धरला.

"आणि मंडळी, तुम्ही सगळे विचारता की ही मैना बकरीवाली कोण," सूत्रसंचालकानं आवाज खाली आणला. "आज सांगतो. ती बंडूभाऊची आत्या. लहानपणी आई गेली, आत्यानं वाढवलं. आणि हे पाखरू भाच्याच्या हाती देऊन गेल्या दिवाळीत ती माउली देवाघरी गेली. बंडूभाऊनं आजची झुंज तिच्या आठवणीला वाहिली आहे. एक मिनिट उभं राहून श्रद्धांजली देऊ या."

खुर्च्या सरकल्या. दोन-तीनशे पोरं उभी राहिली, माना खाली. सगळे उभे राहिले म्हणून मैनाबाईही उभी राहिली, हात जोडून, सवयीनं. मयतीच्या जागी माणूस उभं राहतं तशी. आपण कुणासाठी उभे आहोत हे तिच्या डोक्यात शिरायला ते अख्खं मिनिट लागलं. शेजारी यास्मीन तोंडात ओढणी कोंबून रडत होती.

मिनिट संपलं, सगळे बसले. मैनाबाई बसली नाही. ती मधल्या वाटेनं पुढं चालत गेली, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात पिशवी, आणि पायऱ्या चढून थेट पडद्यापुढं उभी राहिली.

"मेली म्हंता?" ती सूत्रसंचालकाला म्हणाली. भोंगा नव्हता तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. माळावर बकऱ्या हाकणाऱ्या बाईचा आवाज होता तो. "मंग कान पाह्यला का तुमी?"

तो बिचारा गोंधळला. "मावशी, तुम्ही कोण?"

"मी? मी बकरीवाली." मग तिनं फडकं सोडलं आणि तो काळा फोन बंडूपुढं धरला. "बंडू, हा कान कोनाचा हाये रे?"

सभागृहात कुजबुज सुरू झाली, कुणीतरी फोन वर करून फोटो काढू लागलं. बंडू उठला, तिचा दंड धरून तिला बाजूच्या खोलीत घेऊन गेला, लग्नात नवरी जिथं नटते त्या खोलीत. दार लावलं.

"काहून आली तू इथं?" हा त्याचा पहिला शब्द.

"पाखराले मारलं थे समजलं," मैनाबाई म्हणाली. "हाव लागली तुले, समजू शकते मी. पन मले काहून मारलं, बापा?"

"त मंग काय सांगू त्याइले? बकऱ्या चारनाऱ्या बाईनं शिकोलं म्हनून? हासले असते लोकं! थे रोज इचारे, बकरीवाली कोन, बकरीवाली कोन. मेली म्हनलं की कोनी पुढं इचारत नाई." बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. "तुले काय समजते, आत्या. कोनी उभं करत नाई आमाले दारात. पह्यल्यांदा कोनी इचारून राहिलं मले."

ती त्याच्याकडं पाहत राहिली. वाट पाहत होती ती. त्यानं 'चुकलो' एवढा एक शब्द म्हटला असता तर तिनं गटक्या त्यालाच ठेवायला सांगितलं असतं आणि मेलेलीच राहून मागच्या दारानं निघून गेली असती. हे ती पुढं हलीमाबीला शपथेवर सांगत होती. बंडूनं तसं काही म्हटलं नाही. त्यानं घाईघाईनं आपला फोन काढला, तिच्या पिशवीतला तिचा फोन काढला, दोन्ही जवळ धरले आणि बटण दाबलं.

"घे. घे तुहं पाखरू. झालं? माहं नाव झालं आज, आता नसलं तरी चालते थे. पन आता जाय, आत्या. मागच्या दारानं जाय. लोकं पाहून राहिले."

केसानं गळा कापणं कशाला म्हणतात ते मैनाबाईला त्या खोलीत, त्या आरशासमोर कळलं. आरशात ती स्वतःला दिसत होती, चांगली जिवंत. तिनं आपला फोन आणि तो काळा फोन पिशवीत टाकले आणि ती गेली; मात्र मागच्या दारानं नाही. सभागृहाच्या मधून, सगळ्यांच्या देखत, सावकाश.

परतीच्या गाडीत तिनं फोन उघडला. गटक्या होता. नाव अजून तूफानच. चोच उघडी. तिनं सवयीनं त्याला आधी सुकट दिली, मग मासा. मग फोन बंद करून खिडकीला डोकं टेकवलं आणि बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत आवाज न करता रडली. पाखरू परत भेटलं होतं, आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळत होता. खुशालराव ओट्यावर बसला होता. यास्मीननं हलीमाबीला फोन केलेला, पण त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मैनाबाईनं आधी बकऱ्यांना पाणी दाखवलं, कुटार टाकलं, दोघी-तिघींच्या गळ्याखाली खाजवलं.

"काय वो मैने," खुशालराव म्हणाला, "बंडू भेटला का? कसा हाये?"

तिनं हात पदराला पुसले. पिशवीतून तो काळा, फुटका फोन काढला, भावाचा उजवा हात धरून सरळ केला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"हे काय होय?"

"भाऊ, तुनं पोट्टं मले बटईनं देल्लं होतं," मैनाबाई म्हणाली. "तुहं अर्धं जितं हाये, अमरावतीले हाये, थे तुह्यापाशी ठेव. माहं अर्धं मेलं. हा त्याचा कान."